डावीकडे वळताना

एक हजार सातशे बारा भाग.
नटबोल्ट धरले तर मोजणं सोडून द्यावं.
वाळूजच्या शेडमध्ये, एप्रिलात, तापल्या पत्र्याखाली
आम्ही त्यांची एकमेकांशी ओळख करून देत होतो :
हा ब्रॅकेट, ही त्याची बैठक,
मध्ये केसाएवढी फट.
कमी पडली तर अडकणार, वाढली तर खडखडणार.
टॉर्क पान्याचं बरं असतं,
पुरेसं झालं की तो कट् म्हणतो.

कागदावर गाडी केव्हाच झाली होती.
पुण्याच्या पोरांनी पडद्यावर गरगर फिरवून दाखवली.
मुंजाजी म्हणाला, "सायब, इथं पाना जातो,
पण पाना धरलेली मूठ जात नाही."
मग बोल्ट सरकवला,
म्हणून ब्रेकची नळी चार मिलिमीटर हलली,
म्हणून वायरिंग आखूड पडलं,
लांबवलं, तर तापणाऱ्या कंट्रोलरला जाऊन टेकलं.
एका वाकळीत सातजण निजावेत
आणि एकानं कूस बदलावी, तसं.

वायरिंग सत्यशीलाचं.
एकशे चाळीस टोकं, अकरा रंग.
पिवळ्यावर हिरवी रेघ आणि हिरव्यावर पिवळी रेघ
ह्यांतला फरक तिला विचारा.
एकदाच चुकली. इंडिकेटर दाबला तर हॉर्न वाजला.
जिलानी एवढा हसला
की पाना पायावर पाडून घेतला.

तेवीस तारखेला गाडी स्वतःच्या तीन चाकांवर उभी राहिली.
सायबांनी नारळ आणला होता.
मी म्हटलं, थांबा.
वाळूची पोती भरली, पाचशे किलो,
आणि लासूर रोडला निघालो.
सरळ गेली. उजवीकडे वळली.
डावीकडे वळताना म्हणाली :
कट्.

भाकरीत दाताखाली खडा यावा
तेवढंच.

"कुठून येऊ लालाय?"
तीनदा उघडली, तीनदा बांधली.
मानेचं बेअरिंग बदललं, बुश बदलले,
सगळ्याची मापं घेतली.
प्रत्येक भाग आपल्या जागी बरोबर होता.
हाच त्रास होता. सगळे बरोबर होते
आणि मिळून कट् म्हणत होते.
पुण्याहून फोन आला, आमच्याकडे आवाज येत नाही.
जिलानी म्हणाला, पडद्याला कान लावा म्हणावं.

पाचव्या रात्री सत्यशीला, जिचं हे कामच नव्हतं,
पुठ्ठा अंथरून चेसिसखाली आडवी झाली.
हँडल डावीकडे, हळू, अजून हळू.
तिनं कान लावला नाही. बोटं ठेवली
एकेका बोल्टच्या माथ्यावर,
पोराचा ताप बघावा तशी.
"ह्यो," म्हणाली.
"ह्यो बसला नाही. नुसता टेकलाय."

सोडला. खाली निळा रंग, दोन हात दिलेला.
आम्ही लोखंड मापलं होतं.
रंग कुणी मापला नव्हता.
बोल्ट रंगावर कसलेला, रंग दबला, पकड गेली.
पाना मात्र त्या दिवशी
इमानेइतबारे कट् म्हणाला होता.

मुंजाजीनं रुपयाएवढी जागा घासली
लोखंड पांढरं दिसेपर्यंत.
पुन्हा कसला.
डावीकडे वळलो तेव्हा
पोत्यातली वाळू सरकलेली ऐकू आली.

आता ड्रॉइंगवर एक बाण आहे :
बैठकीच्या जागी रंग नको.
दुरुस्ती 'क', तारीख, सही पुण्याची.
सत्यशीलाच्या नखात तो निळा
आठवडाभर होता.

नारळ अजून हत्यारांच्या कपाटावर आहे.
फोडायचा कधी,
म्हणजे गाडी नेमकी कधी झाली,
ह्यावर आमचं एकमत नाही.