नवव्या मजल्याचा आराखडा

विजेच्या बिलामागे एक चौकोन काढला आहे.
लांबी चार पावलं, रुंदी दीड.
पावलं माझी, गुडघा बदलल्यानंतरची.
ऊन अकरा ते चार, कठड्याच्या अंगाला.
बाकी सावली, आणि नदीवरून येणारा उनाड वारा.

फेब्रुवारी. तिबिलिसीत अजून कोट उतरलेले नाहीत.
काखेतीहून भाऊ फोनवर सांगतो,
चाळीस टोमॅटो लाव नानुली, वांगी लाव,
मिरचीशिवाय काय बाग!
त्याचं काय जातं?
त्याच्याकडे ट्रॅक्टर, दोन जावई
आणि बसणं ठाऊक नसलेली बायको.
माझ्याकडे एक लिफ्ट,
चढताना दर खेपेला नाणं खाणारी,
पाचव्या मजल्यावर उसासा टाकणारी.

म्हणून हिशेब नाण्यांत मांडला.
मातीच्या गोण्या पाच, खेपा पाच.
शेणखत एक गोणी, बिचिकोच्या टॅक्सीतून.
तो नाक मुरडेल, पण आणेल.
उतरताना लिफ्ट फुकट, तेवढंच बरं.

टोमॅटो खोडला.
त्याला काठी लागते, खुडणी लागते,
रोज उठून विचारपूस लागते.
तीस वर्षं क्ष-किरणांच्या खोलीत
श्वास रोखा, हलू नका, म्हणत काढली मी.
आता विचारपुशीचा कंटाळा आहे
आणि तो कंटाळा कष्टाने कमावलेला आहे.
वांगं खोडलं.
काकडी खोडताना हात जरा अडखळला.

उरलं ते असं:
लोणच्याची जुनी बादली,
तळाला तापल्या सळईने पाच भोकं,
तिच्यात तारखुना, बडीशेपेच्या वासाचा पाला,
हिवाळ्यात नाहीसा होऊन
वसंतात आपला आपण परत येणारा.
नवऱ्यासारखा नाही.
मुलाला न्हाऊ घातलेला पत्र्याचा टब
(मुलगा पोलंडमध्ये ट्रक चालवतो),
त्यात कोथिंबीर, दर तीन आठवड्यांनी एक मूठ.
कडेने बाजारच्या कांद्याची बुडखं खोचायची, बस्स.
पाणी? उपडी बाटली,
बुचाला सुईएवढं छिद्र.
चार दिवस घरी नसले तरी निभावेल.
मी कुठे जाते म्हणा.

राहता राहिला घेवडा.
त्याच्याशिवाय लोबिओ नाही,
आणि लोबिओशिवाय गुरुवार कसा काढायचा?
पण घेवड्याला चढायला काहीतरी हवं.
हे लिहिताना वर पाहिलं.

माझ्या कठड्यापासून समोरच्या इमारतीपर्यंत
कपड्यांची दोरी, दोन्ही टोकांना चाकं.
एक माझं, एक वाखुश्तीचं.
सात वर्षांपूर्वी त्याच्या गंजक्या चाकाने
माझ्या चादरीवर डाग पाडला,
मी बोलले, तो बोलला,
मग दोघांनीही कपडे आत वाळवले.
दोरीवर चिमण्या तेवढ्या येतात.

वेल तीन मीटर जातो, पाकिटावर लिहिलंय.
दोरी अकरा मीटर.
पलीकडून कुणी लावला तर आणखी तीन.
मधली पाच मीटर हवा.
तीही बिलामागे मांडली, उगीच.

मग अर्धं बी कागदात बांधलं,
चिमट्याने दोरीला लावलं आणि ओढलं.
असं किंचाळलं ते चाक
की खालची कुत्री भुंकू लागली,
दोन खिडक्या उघडल्या.
पुडी निम्म्यात अडकली.
वाखुश्ती बाहेर आला, बनियनवर, फेब्रुवारीत.
पुडीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही. आत गेला.

मी बिलावर घेवडा खोडायला पेन उचललं
तर तो तेलाची बुधली घेऊन परत आला,
स्टुलावर चढला,
आणि बराच वेळ, फार मन लावून,
थेंब थेंब तेल सोडत राहिला.

आता चाक लोण्यासारखं फिरतं.
पुडी पोचली.
मला तर थांबलेली दोरी हवी होती,
हललेल्या दोरीवर वेल कसा धरणार?
हे आता त्याला सांगायला हवं.
कसं सांगायचं,
ते आराखड्यात नाही.