रेंज आल्यावर

चोपड्याच्या बसस्टँडसमोर रमजान तडवीच्या दुकानात
जुना फोन घेतला, साडेतीन हजाराला.
काचेच्या कोपऱ्यात एक बारीक तडा.
"सगळं पुसलंय भाऊ, एकदम कोरा," म्हणाला.

कोरा नव्हता.

डोंगरातल्या मुक्कामी गाडीत, रात्री,
सीटवर सतरंजी टाकून पडलो तेव्हा सापडलं:
फोटो गेलेले, नंबर गेलेले,
पण गाणं ओळखणारं निळं बटण तसंच होतं
आणि त्याच्या पोटात कुणाची तरी यादी.

रात्री दोन वाजून चौदा मिनिटं, एक कव्वाली.
दोन सोळा, तीच कव्वाली.
एका सकाळी सात वाजता
कुठल्याशा मिक्सरच्या जाहिरातीची धून.
आणि वैशाखातल्या एका मंगळवारी
एकच लग्नाचं गाणं, अकरा वेळा.

पहिल्यांदाच नाव सांगितलेलं असताना
अकरा वेळा कशाला विचारावं?
पण मी कंडक्टर आहे. मला हे कळतं.
उनपदेवच्या फाट्याला उतरणारा माणूस
अडावदपासून विचारत येतो, फाटा आला का.
तो जन्मला त्या फाट्यावर.
त्याला फाटा माहीत असतो,
फक्त कुणीतरी सोबत जागं आहे ना,
एवढं बघायचं असतं.

यादीच्या तळाशी तीन नोंदी बिननावाच्या.
तारीख, वेळ, आणि खाली लिहिलेलं:
रेंज आल्यावर शोधू.
त्यानं ऐकवलं तिथं टॉवर नसणार.
मग टॉवर यायच्या आत
फोनच विकला.

इथंही टॉवर नाही.
बाहेर आमच्या गाडीचं इंजिन थंड होताना
टक, टक, करत होतं.
बराच वेळ.

सकाळी लोटन आप्पानं गाडी उतरणीला लावली.
पहिल्या ट्रिपला तीन माणसं, एक बोकड,
बोकडाचं अर्धं तिकीट की पूर्ण, यावर नेहमीचा वाद.
फाट्याजवळ रेंजच्या दोन काड्या आल्या
आणि खिशात फोन थरथरला.

पहिली नोंद: जुनं सिनेमातलं गाणं.
मला येतं ते. अर्धं.
दुसरी: चौकोनी अक्षरांत काहीतरी,
कोरियन की काय देव जाणे.
माझ्या मते ती पिठाची गिरणी होती,
पट्टा सैल झालेली.
तिसरी: कशाशीही जुळत नाही.
ठेवायची की काढायची?

तिसरीची वेळ बघितली.
मार्च महिना, पहाटे तीन चाळीस.
या वेळेला शेतात थ्री फेज येते,
मोटारी एकदम सुरू होतात, केळीतून पाणी पळतं.
किंवा ट्रकच्या केबिनमध्ये क्लीनर घोरत असेल.
किंवा बाळंतिणीच्या खोलीत कुणी
शब्द विसरून नुसतंच हुं हुं करत असेल.
काहीही असेल.
एवढंच नक्की की पहाटे तीन चाळीसला
कुणीतरी हात वर धरून उभं होतं
आणि त्याला वाटलं होतं
की हे गाणं आहे,
आणि याला नाव असणार.

"काय आयकी ऱ्हायना रे भो?" आप्पा आरशातून म्हणाला.
"काही नाही," म्हटलं. "चला."

अडावदला चौदा चढले, मिरचीची पोती टपावर.
सुट्ट्या पैशांच्या गडबडीत
अंगठ्यानं दाबलं: ठेवा.

संध्याकाळी तडवीकडे गेलो.
कोण होता, विचारलं.
"पोरगं होतं. लासूरकडचं असंल. घाईत होतं.
चार्जर काही दिना नही त्यानी."

चार्जर ठेवून घेतला म्हणजे
दुसरा फोन असणार त्याच्याकडे.

बरं वाटलं.
शंभर रुपयांचा चार्जर घेतला
आणि डेपोत जाऊन ड्युटी लावली,
उद्याही मुक्कामीच.