चार सेकंद

ब्यूट, मोंटाना. बाहेर उणे अठरा.
व्हर्ना कोस्केलानं मार्चमध्ये केबल तोडली,
आता नुसती फुकटची चॅनेलं.
एकावर दिवसभर घरं विकतात,
एकावर मासे धरतात आणि सोडून देतात,
आणि चारशे बारावर रात्रंदिवस
तीच जुनी पोलिसांची मालिका,
जिचा एक भाग इथं घेतला होता,
अठ्ठ्याहत्तर साली.

त्यात डेलमार आहे.
खाणीतली पाळी संपवून तसाच गेला होता,
वीस डॉलर आणि एक सँडविच.
इन्स्पेक्टरची गाडी वळते,
मागे एक माणूस रस्ता ओलांडतो,
टोपी सावरतो.
बस.

मागे नेता येत नाही, पुढे ढकलता येत नाही.
लागेल तेव्हा लागेल.
एकशे अडतीस भाग, कॅलेंडरच्या पाठीवर
हिनं रेघा मारून ठेवल्यात.
फुकट ते पौष्टिक म्हणावं,
तर दर नऊ मिनिटांनी गुडघ्याचं औषध,
अंत्यविधीचा विमा,
पुन्हा गुडघा.
विम्याची बाई आता शेजारणीसारखी झालीय:
स्वेटरचं एक बटण सैल आहे तिच्या,
कुणी सांगत कसं नाही.

काल पहाटे सव्वातीनला गाडी वळली.
व्हर्ना खुर्चीतून उठलीसुद्धा,
दार उघडायला उठावं तशी.
आणि विम्याची बाई आली.

ती गेली तेव्हा
गाडी थांबलेली, रस्ता रिकामा.

व्हर्नानं कॉफी ठेवली.
कॅलेंडर उलटं केलं, पहिली रेघ मारली.
वारं होतं त्या दिवशी, तिला आठवलं.
टोपी सावरली असेल त्यानं.