पूर्ण किंवा अंशतः

सावद्याहून फैजपूरला जाताना डाव्या हाताला
पत्र्याच्या कुंपणावर निळ्या रंगात लिहिलंय
लीलाधर भंगाळे, भंगार.
लोक हसतात.
काका म्हणतात, आडनाव आधीचं आहे.

मी मंडळाचा फॉर्म भरायला आलेलो.
चैत्रातली दुपार, लोखंडाला हात लागला की पोळतो.
काका एका पालथ्या टीव्हीवर बसलेले.
म्हणाले, वाच. कचरा कशाले म्हनता, ते वाच आधी.

मी वाचलं. आपल्याकडे :
विजेवर चालणारी वस्तू, पूर्ण किंवा अंशतः,
कचरा म्हणून टाकून दिलेली.
सौर पॅनलही त्यात आलं.
गारपिटीनंतर साक्रीकडून आलेली चौदा पॅनलं
कुंपणाला टेकून उभी होती,
त्यांच्याकडे बघवत नव्हतं इतकं ऊन त्यांच्यात फुटलेलं.
बॅटरी मात्र नाही, बॅटरीचा नियम वेगळा.
म्हंजे मोबाइल एक अन् त्याले बाप दोन, काका म्हणाले.

मग युरोपचं वाचलं, फोनमध्ये होतं म्हणून.
तिथं कचरा म्हणजे
धारकानं टाकून दिलेलं,
किंवा टाकून देण्याचा त्याचा हेतू आहे असं,
किंवा टाकून देणं त्याला भाग आहे असं.
काकांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.
हेतू?
हेतू कोन्त्या काट्यावर तोलता रे भो तिकडे?

जपानात घरच्या यंत्रांचा कायदा वेगळा आहे, म्हटलं,
त्यात चारच : टीव्ही, फ्रिज, एसी, कपडे धुवायचं मशिन.
आणि टाकणाराच पैसे भरतो.
हुरमत तडवीनं पाना खाली ठेवला.
टाकनारा? देनारा पैसे भरतो?
जळक्या मिक्सरच्या दहा रुपयांसाठी
सकाळीच त्यानं शिव्या खाल्ल्या होत्या.
कॅलिफोर्नियात पडदा कर्णात चार इंचांहून मोठा लागतो
हे मग मी मनातच वाचलं.

तेवढ्यात द्वारकाबाई फिरके आल्या.
दर वर्षी येतात, फ्रिजचा भाव विचारतात,
माठातलं पाणी पितात, जातात.
फ्रिज बंद पडून अकरा वर्षं झाली.
आत बिबड्या, कुरडया, शेवयांचे डबे,
भाजीच्या खणात दोन्ही मुलांच्या मार्कशीट.
मुंगी शिरत नाही, म्हणतात. उंदराचं तर नावच नको.

मी मनात कायदे चाळले.
टाकलेला नाही. टाकायचा हेतू नाही.
जपानात तो चारांतला एक, पण बाईंनी दिला तर.
काकांनी न बघता सांगितलं, अडतीस किलो.

यंदा बाई उठल्या नाहीत.
पदरानं मान पुसत म्हणाल्या,
त्याच्या पोटातलं काढून न्या. पेटी राहू द्या मले.

हुरमतनं फ्रिज भिंतीपासून ओढला.
मागे धूळ, एक लग्नपत्रिका, सुकलेली पाल.
त्यानं नळी कापली.
फुस्स.
एवढंच.
कसलासा गोडसर वास, आणि मग
केळीच्या बागेतून आलेल्या ओल्या हवेत तोही नाही.

कंप्रेसर नऊ किलो दोनशे भरला.
बाईंनी पैसे दोनदा मोजले,
डबे होते तसे लावले,
दार ढकललं. शेवटच्या बोटभर अंतरात
दारानं स्वतःच स्वतःला ओढून घेतलं,
कडेच्या रबरातलं चुंबक अजून शाबूत आहे.

संध्याकाळी फॉर्मवर लिहिलं :
फ्रिज. अंशतः. नऊ किलो दोनशे ग्रॅम.
हेतूचा रकाना आपल्याकडे नाही.
वजन बराबर लिहिलं ना, काकांनी विचारलं.
लिहिलं.
आणि ते, नळीतून गेलं ते?
काका काट्यावरचं पारडं उतरवत होते.
ते तोललं कुठी आपन, म्हणाले,
आणि पारडं भिंतीशी उपडं ठेवलं.
हुरमत रॉकेलनं बोटं धूत होता,
नखांतलं काळं तेल निघत नव्हतं.