घोट

उशीचा अभ्रा दिवसातून दोनदा
दोरीवर दिसायला लागला,
तेव्हा जेल रोडच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना कळलं
की भाऊंना काहीतरी झालंय.
कुणी म्हणालं उष्णता, कुणी जंत,
कुणी लवंग धरायला सांगितली दाढेखाली.
दोंदे काकू कुंपणावरून म्हणाल्या,
इतकी लाळ येते कुठून गं या वयात?

शरणपूर रोडला आढाव मॅडमनी
दुधाच्या पिशव्यांत हिशेब सांगितला.
लिटरभर, कधी दीड.
तुमची, माझी, खाली थांबलेल्या रिक्षावाल्याचीही
रोज तेवढीच.
आपण गिळतो, आणि गिळलं हे विसरतो.
"यांची जास्त होत नाहीये," त्या म्हणाल्या,
"यांचं गिळायचं राहून जातंय.
हात हळू झाला, पाऊल अडतं उंबऱ्यापाशी,
त्यातलंच हे."
मग भाऊंकडे वळून, बहिऱ्याशी बोलावं तसं, मोठ्यानं:
"ओठ मिटा. हनुवटी खाली. आता घोटा."

भाऊ हसले. हसताना एक धार
शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत गेली.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये,
तिकिटांना गोंद लावायच्या खात्यात.
फोरमन झाले नाहीत, कारण
साहेबापुढे जी घोटायची असते
ती त्यांनी घोटली नाही.
"आता शिकतो," म्हणाले.
शब्द ओले होते. मला कळले.
मॅडमना मी दुसरंच काहीतरी सांगितलं.

लाळेरं बांधू दिलं नाही.
आईनं दोन दुपारी मशीन चालवून
जुन्या सदऱ्याची छाती कापली,
आतून टर्किश टॉवेल, वरून खिसा,
खिशाला पेन.
लांबून बघणाऱ्याला वाटावं
माणूस बँकेत निघालाय.

मी मोबाईलवर दर दोन मिनिटांनी टुंग लावलं.
टुंग, घोट.
टुंग, घोट.
तिसऱ्या दिवशी मोबाईल गव्हाच्या डब्यात सापडला.
तिकडे प्रेसचा भोंगा झाला की मात्र
अजूनही पाठ ताठ होते त्यांची,
आणि गळ्याची घाटी
वर जाऊन खाली येते,
न सांगता.

रविवारी मिसळ आणली.
तर्रीचं झाकण उघडल्याबरोबर
सगळ्यांच्याच तोंडाला पाणी सुटलं,
माझ्या, आईच्या, नितीनच्या, त्याच्या नव्या बायकोच्या.
कुणाचंच दिसलं नाही.
भाऊंचं दिसलं.
नव्या बायकोनं ताटावरून नजर काढली नाही,
मग आपला रुमाल सरकवला त्यांच्याकडे,
काहीच न बोलता, जसं मीठ सरकवतात.

नोव्हेंबरात पेन्शनचा कागद.
हयातीचा दाखला.
खाली सही करणार आज रोजी जिवंत आहे वगैरे.
सही मुंगीएवढी,
आडनावापर्यंत मुंगीचं पिल्लू.
पाकीट चिकटवायला मी पाण्याची वाटी शोधत होते.
"दे इकडे."
पाकिटाची कड जिभेवरून फिरवली, सावकाश,
जाताना एकदा, येताना एकदा,
अंगठ्यानं दाबली, टोकापासून टोकापर्यंत,
तपासली उजेडात धरून.
पत्त्यावर एक थेंब पडला, पिनकोड जरा पसरला,
तो तसाच राहू दिला.

मग ओठ मिटले, हनुवटी खाली गेली.
टुंग व्हायला अजून वेळ होता.

"गोंद," ते म्हणाले,
"पूर्वी जरा गोड असायचा."