वर यायचं बघ

पहिलं अवजार मी केलं ते नारिंगी होतं.
ॲल्युमिनियमचा दांडा, टोकाला चिमटा,
वजन सहाशे चाळीस ग्रॅम,
न वाकता तण उपटण्यासाठी.
कॉलेजात सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं.
एकाचाही गुडघा अजून बोलायला लागला नव्हता.

तेओदोझियाबाईंनी ते दोन दिवस वापरलं.
महिन्यानं मी गेले तेव्हा
ते वाफ्यात उभं रोवलेलं
आणि वाटाण्याचा वेल त्याला धरून वर चढत होता.
"छान आहे," त्या म्हणाल्या. "वाटाण्याला आवडलं."

ग्दान्स्कला, ट्राम डेपोच्या मागे,
रूळ आणि कालवा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत
भाड्याच्या बागा आहेत.
प्रत्येकीत एक लाकडी खोपटं, एक पिंप,
शेपूची एक ओळ जी कुणी पेरत नाही, आपली आपण येते,
आणि एक म्हातारं माणूस, जे येतंच.

मे महिनाभर मी उलट्या बादलीवर बसून राहिले
आणि त्या कशा उठतात ते लिहून घेतलं:
डावा हात हातगाडीच्या कडेवर. हातगाडी कलंडते.
मग करंटच्या झुडपावर. झुडूप नमतं.
मग एक आखूड शिवी.
मग दोन्ही तळवे मातीवर, रांगत्या पोरासारखे,
आणि कुंपणापलीकडून लुडोमिर: "येऊ का?"
"नको."
लुडोमिरला येता आलंच नसतं.
झटक्यापासून त्याची उजवी बाजू
भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखी गप्प आहे.
तो पडद्याच्या जुन्या नळीतून घेवडा पेरतो, उभ्यानं.
बी खुळखुळत खाली जातं, तो कान लावून मोजतो.
मी फक्त नळीचं वरचं तोंड पसरट केलं.
मी त्याला डिझाइन म्हणते.
तो नरसाळं म्हणतो.

"तुम्हाला वाकावं लागू नये म्हणून—" मी सुरुवात केली.
"वाकायचंच आहे मला," तेओदोझियाबाई म्हणाल्या.
"उभ्यानं गाजर काय, गवत काय, सगळं हिरवंच.
खाली जायचं मला कळतं, पोरी.
खाली न्यायला जमीन बसलीय टपून,
तिला तुझी मदत नको.
तू वर यायचं बघ."

त्या रात्री मी नारिंगी रंगाचा डबा
झाकण घट्ट लावून माळ्यावर टाकला.

एकतीस वर्षं त्यांनी ट्राम चालवली.
बोटांचे सांधे आता आल्याच्या गड्ड्यासारखे,
चहाची किटलीसुद्धा दोन्ही हातांनी.
पण वळणाशी गाडी करकरली
की बाग सोडून त्यांचा हात हवेतच ब्रेक ओढतो,
मनगट ताठ, जोर सगळा खांद्यातून.
हे मी तीन वेळा पाहिलं
आणि चौथ्यांदा मला ते दिसलं.

डेपोतल्या भंगारातून एक मूठ मागून आणली.
पितळी, जाड, कुणाकुणाच्या हातांनी गुळगुळीत.
तिच्या मापाच्या दोन मुठी लाकडात कातल्या.
खाली गुडघ्यांसाठी फळी, तिला जुन्या कोटाचं अस्तर,
बाजूंना ताठ पाय, मातीत रुतू नयेत म्हणून पसरट.
उलटं केलं की बाक.
ओबडधोबड. रंग दिलाच नाही.

जूनमधल्या एका मंगळवारी त्या खाली गेल्या,
बराच वेळ खालीच राहिल्या.
मी घड्याळ लावलं होतं, ते बंद करायचं विसरले.
मग मूठ धरली, खांदा पुढे,
आणि डेपोतून सकाळची पहिली गाडी निघावी
तशा, आधी एक हिसका, मग सरळ,
वर आल्या.

लगेच म्हणाल्या, मूठ दोन बोटं उंच हवी.
आणि अस्तर टोचतं.
मी वहीत लिहिलं: दोन बोटं.
मान वर केली तेव्हा दिसलं,
त्यांचा एकच हात मुठीवर होता.
दुसऱ्यात मुळ्यांची जुडी,
मातीसकट, पाला खाली लोंबणारा.