शेरा

संध्याकाळी सहाला नदी बंद होते.
म्हणजे कुस्कोक्विम वाहतच असते,
बंद होते ती कागदावर.
सहा वाजून एक मिनिटाने पाण्यात असलेलं जाळं
गुन्हा असतं.

मग फोन वाजायला लागतात.
मी एकोणीस वर्षांची, उन्हाळ्यापुरती नोकरी,
मासळी खात्याची डुगडुगती खुर्ची, पुढ्यात तक्ता:
परवाना क्रमांक. जाळ्याची लांबी, वावांत.
किती सॉकाय, किती चम, किती किंग.
विकलेले. घरी ठेवलेले.
घरच्या पातेल्यात गेला तो मासाही
आधी आकड्यात यायला हवा.

जाळ्याची आस सहा इंच.
त्याहून मोठी आस ठेवायची नाही,
असं भिंतीवर लिहिलंय. खाली शिक्का.

पारास्कोव्या चिकोयाकचा फोन नेहमी शेवटचा.
"परवाना क्रमांक?"
"तू कोणाची?"
"अनेशियाची. परवाना क्रमांक?"
"तुझी आई माझ्याच होडीत जन्मायची.
थोडक्यात किनारा आला."
मग ती क्रमांक सांगते, एकेक आकडा,
हातात तोलून खाली ठेवावा तसा.

सॉकाय एकेचाळीस. चम एकशे सहा,
त्यातल्या दोघांची डोकी सीलने खाल्ली.
"हे कुठे लिहशील?"
मी पुस्तिका उलटीपालटी केली.
बिनडोक्याचा मासाही मासाच धरतात.
"किंग?"
"एक."
"विकला?"
"यंदा किंग विकायचा नाही, तूच तर सांगितलंस."
"मग घरी ठेवला."
पलीकडे किटली शिट्टी मारत राहिली,
कोणी उतरवेना.
"बहिणीला पाठवला, टपालाच्या विमानाने.
ती शहरात असते, मशीनवर. तिला खायचा नाहीये.
बघायचा होता."

तक्त्यात बहिणीला रकाना नाही.
घरी ठेवलेले: एक.
शेवटी एक अरुंद चौकोन असतो, शेरा नावाचा,
बहुतेकांचा कोराच जातो.
मी लिहिलं: बहीण.

जुलैच्या अखेरीस मासा आलाच नाही.
"शून्य," ती म्हणाली. "तेही कळवायचं ना?"
"हो. चोवीस तासांच्या आत."
या नियमाला मी पहिल्या आठवड्यात हसले होते.
तेव्हा डेल हाल्व्हर्सन, आमचा साहेब,
ओल्या बुटांतून पाय काढत म्हणाला होता,
न कळवलेलं शून्य आणि न टाकलेलं जाळं
इथून सारखंच दिसतं.
शून्य सांगितलं की कळतं,
कोणीतरी सहा तास तिथे उभं होतं.

तिने सलग चार वेळा शून्य सांगितलं.
आवाजात काही फरक नाही. फक्त चौथ्यांदा
मी कोणाची ते विचारलं नाही.

ऑगस्टात हुकूम आला: हंगाम समाप्त.
रेडिओवर तीनदा वाचला, दोन भाषांत.
फोन थांबले. मी तक्ते बांधून कपाटात ठेवले,
पेन्सिली मोजून परत केल्या,
त्याचीही पावती असते.

बुधवारी सव्वासहाला फोन वाजला.
"शून्य."
"आजी, नदी बंद आहे. जाळं टाकायचं नाही,
म्हणजे कळवायचंही नाही."
"माहितेय. जाळं परसात वाळतंय,
डोमकावळा बसलाय वर."
"मग?"
"तू लिही तर.
वारा नैर्ऋत्येचा. पाणी गढूळ.
पहाटे वळणापाशी काहीतरी मोठं उलटलं पाण्यात,
तीनदा. किंगच असणार.
वर चालला होता. एकटाच."
"मोजलात?"
"एकटा म्हटलं ना."

मी पाठकोरा कागद ओढला.
बहिणीचं विचारायचं ओठांवर आलं होतं,
विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.
परवाना क्रमांक मात्र
तिने पुन्हा पूर्ण सांगितला,
आणि मी तो, उपयोग नसताना,
पूर्ण लिहून घेतला.